बहात्तरच्या खाली वाट नाही

मी एक व्हॉल्व्ह आहे, आणि 'नाही' म्हणणं हा माझा धंदा आहे. हसू नका. हो म्हणणारे गावोगाव ढिगानं मिळतात. वेळेवर नाही म्हणणारा मिळायला नशीब लागतं. कागल रस्त्यावरच्या एका दूध संघात मी चौदा वर्षं हेच काम केलं आणि एकदाही चुकलो नाही. फुशारकी वाटली तर वाटू दे.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यात झाला. अंग स्टेनलेस स्टीलचं, पोटात दट्ट्या, डोक्यावर जाडजूड स्प्रिंग. १९९३ साली लाकडी पेटीतून मी संघात आलो. पेटी उघडली, मला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी थेट माझ्या नाकातोंडात. कोल्हापूरकरांचं प्रेम असंच अंगावर येतं.

संघात गावोगावचं दूध कॅनमधून यायचं. ते वाफेच्या उष्णतेनं बहात्तर अंशांपर्यंत तापवायचं, नळीत थोडा वेळ तसंच ठेवायचं आणि मग गार करायचं, म्हणजे त्यातले रोगजंतू मरतात. नळीत माझ्या अगदी आधी, दुधात बुडालेली एक बारीक सळई होती. दूध किती तापलंय ते ती सांगायची. भिंतीवर वाफ सांभाळणारं एक खोकं होतं, ते सळईचं ऐकायचं आणि पाहिजे किती, आहे किती हे ताडून बघायचं. कमी पडलं तर वाफ थोडी वाढवायचं, जास्त झालं तर थोडी कमी करायचं, आणि परत सळईला विचारायचं, झालं का? असं दिवसभर. घरची बाई आमटीची चव बघून मीठ घालते आणि पुन्हा चव बघते, त्यातलाच प्रकार.

आणि मी शेवटचा पहारेकरी. दूध बहात्तरला आलं की हवेच्या दाबानं मी पुढची वाट उघडायचो. जरा कमी भरलं की हवा सुटायची, स्प्रिंग मला दाबायची आणि दूध परत टाकीत, पुन्हा तापायला. वीज जाऊ दे, हवा जाऊ दे, कुणी तार तोडू दे, माझी स्प्रिंग दूध परतच धाडणार. शंका आली की मागे, हा स्वभाव मला घडवतानाच दिलेला. कामगार मला लाडानं 'आडमुठा' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

संघाचे चेअरमन होते हंबीरराव. सगळे त्यांना आण्णा म्हणत. तरुणपणी मातीत कुस्त्या मारलेला गडी, आवाज असा की बॉयलरची शिट्टी लाजावी. १९९६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या तालमीनं कुस्त्यांचं मैदान भरवलं. आलेल्या सगळ्या पैलवानांना संघाच्या दुधातली बदामाची थंडाई पाजीन, असा शब्द आण्णांनी भर सभेत दिला होता. त्या थंडाईचं दूध कुणी पुन्हा तापवणार नव्हतं. आम्ही सोडू ते तसंच पोरांच्या पोटात जाणार होतं.

नेमकी त्या दिवशी वीज गेली. ती आली तोवर सगळी यंत्रं थंडावली होती. खोकं आपलं सावकाश ताप चढवत होतं, मी दूध परत पाठवत होतो, आणि आण्णा दारात येऊन थडकले.

"आरं सयाजी, गाडी कवाची भायेर हुबी हाय! दूध कुठं हाय?"

"परत जातंय आण्णा. अजून तापलं न्हाय."

"मग तापीव की! मशिनीची काय वाट बघतोस?"

सयाजी आमचा ऑपरेटर. चांगला माणूस, पण आण्णांचा आवाज चढला की ते सांगतील ते करून मोकळा व्हायचा. त्यानं खोक्याचा कारभार बंद केला, वाफ स्वतःच्या हातात घेतली आणि चाक फिरवलं. आता वाफ सोडली म्हणून खोक्यावरचा तापाचा काटा लगेच हलत नाही. तापलेल्या दुधाला नळीतून सळईपर्यंत यायला वेळ लागतो. काटा हलेना म्हणून त्यानं आणखी सोडली. मग काटा उसळला तो थेट ऐंशीच्या पलीकडे, आणि दुधाला करपट वास सुटला. घाबरून त्यानं वाफ बंदच केली. काटा धाडकन खाली. मी उघडलो, मिटलो, पुन्हा उघडलो, पुन्हा मिटलो. पुढं गेलं ते करपट म्हणून बाजूला काढावं लागलं, बाकीचं परत टाकीत.

आण्णांचा धीर सुटला. "ह्या आडमुठ्यात पाचर ठोक आन् सोड दूध पुढं! आम्ही गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीच्या धारंचं कच्चं दूध पिऊन वाढलोय. काय झालं आम्हास्नी? सत्तर काय आन् बहात्तर काय!"

सयाजीनं लाकडाची पाचर आणली. स्प्रिंग कितीही ताठ असली तरी पाचरीपुढं तिचं काय चालणार? मला स्वतःची काळजी नव्हती. पण माझ्या पोटातून कच्चं दूध त्या पोरांपर्यंत जाणार, या विचारानंच मला शरम वाटली.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून दानेश्वरी मॅडम आल्या. गडहिंग्लजकडच्या, दूध तपासणं त्यांच्याकडं. नोकरीला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं. त्या सरळ सयाजीच्या आणि माझ्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

"आण्णा, कट्ट्यावर दूध कसं पिता तुम्ही?"

"कसं म्हंजे? म्हस समोर हुबी असती. धार काढली की पेला तोंडाला."

"म्हस आजारी दिसली तर?"

"हॅट! आजारी म्हशीचं कोण पितंय?"

"मग ह्या टाकीत चाळीस गावच्या म्हशींचं दूध हाय. त्यातल्या एकीचं तरी तोंड बघितलंय का तुम्ही?"

असं त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. टाकीकडं बघत म्हणाले, "पर पोरी, मी शब्द दिलाय."

"शब्द दुधाचा दिलाय आण्णा, दुखण्याचा न्हवं." मग त्या मागं वळल्या. "सयाजी, चाकावरचा हात काढ. खोक्याला करू दे. आणि आण्णा, तुम्ही जरा ओरडायचं थांबा."

आता आण्णा काय करतात म्हणून सगळे बघत राहिले. आण्णांनी एक रिकामा कॅन पालथा घातला आणि त्यावर बसले. काटा वर गेला, खाली आला. पुढच्या खेपेला कमी वर, कमी खाली. असं करत करत तो बहात्तरच्या जरा वर येऊन ठरला. कुणी हात लावला नव्हता, कुणी ओरडलं नव्हतं. आणि मी उघडलो, ताठ मानेनं.

थंडाई उशिरा पोचली. पैलवान कुरकुरले, आण्णांची चेष्टा झाली. त्यांचा पुतण्या पृथ्वीराजही त्या दिवशी मैदानात उतरला होता, तो जिंकला की हरला ते मला ठाऊक नाही. व्हॉल्व्हला मैदानात कोण नेतंय? पण कुणी आजारी पडलं नाही. ही बातमी कुठं छापून आली नाही. माझं काम नीट झालं की काहीच घडत नाही, आणि याचाच मला सगळ्यात मोठा अभिमान आहे.

२००७ साली संघात कॉम्प्युटरवर चालणारी नवी यंत्रं आली. मला उतरवून भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. त्याच दिवशी आण्णा काठी टेकत संघात आले होते. पद जाऊन बरीच वर्षं झाली होती, आवाज तेवढा शाबूत होता.

"ह्यो हितं कशाला ठेवलाय?"

"जुना व्हाल हाय आण्णा," नवे चेअरमन म्हणाले. "त्याचं काम संपलं."

"मी चेअरमन असताना मला तोंडावर न्हाय म्हणणारी ह्या संघात दोघंच व्हती. एक त्या म्याडम, त्यास्नी तुम्ही मॅनेजर केलासा. आन् दुसऱ्याला भंगारात घालताय व्हय?"

त्यांनी मला स्वतः उचललं. पकड अजून पैलवानाचीच. तेव्हापासून मी दानेश्वरी मॅडमच्या टेबलावर असतो. दुधाचा थेंब अंगाला लागत नाही, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण आल्यागेल्याला एक सांगावंसं वाटतं. तुमच्या घरात, कचेरीत, गावात असं कुणी नाही म्हणणारं असेल तर त्याला सांभाळा. रागवायचं तर खुशाल रागवा, आम्हाला त्याची सवय असते.