पाठीतली सुई

तारीख उलटून आठ दिवस झाले तरी आमच्या बाळाला बाहेर यायची घाई नव्हती. म्हणून डॉक्टर तनुजांनी सकाळी सातला कळा आणायचं सलाईन लावलं. अकराला कॉटचा दांडा घट्ट धरून मी सांगितलं, "मला एपिड्यूरल द्या, ते कळा बधिर करणारं इंजेक्शन."

"पाठीत सुई न्हाई घ्यायची," सासूबाई म्हणाल्या. लोणी काळभोरच्या विजयमालाबाई त्या. घरात त्यांचा शब्द कुणी मोडत नाही. माझी नणंद शेफाली झाल्यावर कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनला पाठीत सुई टोचली, तेव्हापासून कंबर गेली, हे त्यांचं ठाम मत. त्याच शेफालीला आता सातवा महिना होता आणि तिलाही हीच ताकीद होती.

"टोचलेली जागा चार दिवस दुखेल, कंबर जात नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मी बुधवार पेठेतली, गप्प बसणं जमत नाही. "ऑपरेशननंतर पंधराव्या दिवशी विहिरीवरून हंडे कुणी आणले, आई? सुईनं?"

त्या चिडल्या. "दुखलंच न्हाई तर जोर कवा लावायचा, कसं कळंल? मग पोट फाडत्यात!"

सिझेरियन मलाही नको होतं. पण दुखत मला होतं, सही मीच केली.

पंधरा मिनिटांत दुखणं उतरलं. अंगाला थरथर सुटली, पाय गोणीसारखे जड झाले, पण हे आधीच सांगितलेलं होतं. मी चक्क तासभर झोपले. सासूबाई मशीनच्या कागदावरचे कळांचे डोंगर बघत बसल्या. "एवढी मोठी कळ, आन् ही घोरतीया!"

चार वाजता गर्भपिशवीचं तोंड पूर्ण उघडलं आणि त्यांचं म्हणणं खरं ठरलं. कळ आली की जोर लावा, म्हणे. कळ होती कुठे? मी भलत्याच वेळी जोर लावत होते. अर्ध्या तासात बाळ तसूभर सरकलं नाही. डॉक्टरांनी बधिरतेचं औषध थोडं कमी केलं, "घाई नाही," म्हणाल्या. पण मी घाबरले. सिझेरियनला, आणि खरं सांगायचं तर सासूबाई बरोबर ठरतील यालाही.

तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या पोटावर तळवा ठेवला. गोठ्यातल्या किती गाईंची बाळंतपणं त्या हातानं केलेली.

"थांब. अजून न्हाई... थांब. आली! लाव जोर!"

डॉक्टरांनी मशीनकडे पाहिलं. "अगदी बरोबर. तुम्हीच सांगत राहा."

त्या सांगत राहिल्या, मी जोर लावत राहिले. पाच वाजून दहा मिनिटांनी माझी मुलगी रडली. मीही रडले.

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. "मला कुणी इचारलंच न्हाई गं, दुखतंय का म्हून," त्या म्हणाल्या. मी त्यांचा हात धरला. तो अजून माझ्या पोटावरच होता.

मग त्यांनी फोन काढला.

"शेफाली, पोरगी झाली! आन् ऐक, तू बी सुई घे. जोर कवा लावायचा ते सांगायला मी हाय."