भन्तेंचा आवाज

"जय भीम, सुमंतदादा," दादाराव म्हणाला.

"हॅलो," सुमंत म्हणाला आणि खुर्च्या मांडायला वळला.

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या याच हॉलमध्ये सुमंत दादारावच्या पायांवर डोकं टेकवत असे. तेव्हा दादाराव भन्ते होते, बौद्ध भिक्खू. मग त्यांनी चीवर उतरवलं, रीमाशी लग्न केलं, गोदामात नोकरी धरली, आणि लोकांच्या तोंडून त्यांच्यासाठीचा 'अहो' एका रात्रीत गेला. रीमाला त्याचं काही वाटत नसे. म्हणजे वाटे, पण ते ती भांडी घासता घासता वाटून घेई.

आज मात्र गोष्ट शोभनामावशीची होती, तिच्या मृत्यूनंतरच्या विधीची. जायच्या आधी हॉस्पिटलात मावशीने दादारावचा हात धरून सांगितलं होतं, "माझं पुण्यानुमोदन तूच करायचं. सुमंत फुगेल. फुगू दे." सुमंत तिचा मुलगा. तो पलंगाशीच उभा होता आणि तेव्हापासून फुगलेलाच होता.

"शिकागोचे भन्ते बर्फात अडकलेत म्हणे," रीमा सुमंतच्या मागे जात म्हणाली. "मग हे म्हणतील की. मावशींनीच सांगितलंय."

"आई गुंगीत होती."

"गावाकडे बौद्धाचार्य सगळे विधी करतात. त्यांना काय बायका-पोरं नाहीत?"

"ते कधी भन्ते नव्हते. वर चढून खाली उतरलेल्याचं वेगळं."

हॉल लुथरन चर्चचा होता. बाहेरच्या भिंतीवर एका जर्मन संन्याशाचं चित्र होतं. मठ सोडून त्याने लग्न केलं आणि पुढे तोच गावाचा पाद्री झाला, असं इथल्या पाद्रीबाईंनी रीमाला कौतुकाने सांगितलं होतं. चित्रात तो बायको-मुलांत ऐटीत बसला होता. रीमाला ती ऐट पटली नव्हती. चित्र नंतरचं. पहिल्या रविवारी गाव काय म्हणालं असेल? त्याच्या हातची भाकरी कोणी घेतली असेल का?

"बाहेर बघा," ती म्हणाली. "यांच्यात तर अशाच माणसाला भिंतीवर लावलंय."

"मग तुझ्या नवऱ्याला त्यांच्यातच पाठव," सुमंत म्हणाला. "माझ्याकडे यूट्यूबवरचं रेकॉर्डिंग आहे."

पांढऱ्या कपड्यांतली माणसं हात जोडून बसली. सुमंतची बायको निधी हिने फोन स्पीकरला जोडला. त्रिशरण सुरू झालं आणि रीमाचे कान तापले. तो आवाज ती रोज चहाच्या वेळी ऐकत होती.

"सुमंतदादा, हा तर यांचाच आवाज!"

"भन्तेंचा आहे," सुमंत कुजबुजला. "तुझ्या नवऱ्याचा नाही."

दादाराव शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. लोक मागून म्हणत होते. तिसरी सुरू व्हायची तोच स्पीकरमधून एक बाई आनंदाने किंचाळली की गाडीचा विमा आजच बदला.

"बंद कर!" सुमंत ओरडला.

"अहो, स्किपच येत नाहीये!" निधी रडकुंडीला आली. तिने स्पीकरची वायरच उपटली.

जोडलेले हात तसेच, तोंडं अर्धी उघडी. समोर मावशीचा हसरा फोटो.

मग मागून तिसरी फेरी सुरू झाली. दादाराव उठला नाही, पुढे गेला नाही. जागेवरूनच म्हणाला. क्षणभर कोणीच साथ दिली नाही. रीमाने दिली, जरा जास्तच मोठ्याने. मग निधीने. मग सवयीने असेल किंवा सुटकेने, सगळ्यांनी. पंचशील झालं, मावशीच्या नावाने पुण्य वाटून झालं. सुमंतचे हात जोडलेले होते, ओठ मिटलेले.

जेवणाच्या वेळी दादाराव आणि रीमाच्या टेबलावर कोणी आलं नाही. आला तो सुमंत, आणि तोही उभ्यानेच.

"पुढच्या वेळी बिनजाहिरातीचं लावणार आहे," तो म्हणाला. "आधीच सांगून ठेवतो."

दादारावने टेबलाखालून रीमाचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला.

"लावा की," ती म्हणाली. "मावशी एकदाच जायच्या होत्या."