छत नसलेलं मंगल कार्यालय

आमच्या नगरपालिकेचं सगळं उलटंच. मंगल कार्यालयाच्या बांधकामाचा निधी वर अडकून पडला आणि त्याच्या व्यवस्थापकाची जागा मात्र मंजूर होऊन आली. मी, नगरसेविका सुरय्या शेख, सभेत कडाडले, "इमारतच नाही, तर व्यवस्थापक काय आमच्या डोक्यावर बसवायचा?" पण मार्च संपत आला होता. जागा भरली नसती, तर रद्द झाली असती. मुलाखती झाल्या आणि रुपाली गुंजाळ निवडली गेली.

ती काय करते ते बघायला मी मुद्दाम गेले. रिकाम्या प्लॉटवर, कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बाई बसलेली. हळूहळू तिने काटेरी झुडपं काढून घेतली, नळ आणला, कोल्हारच्या मंडपवाल्याशी बोलणी केली. पहिलं लग्न प्लॉटशेजारी राहणाऱ्या साळूबाईंच्या नातीचं लागलं, मग आमच्या मोहल्ल्यातला वलिमा, म्हणजे निकाहनंतरची दावत झाली. लोकांना ती मोकळी जागा लईच आवडली.

वर्षभराने निधी आला. नगराध्यक्ष भूमिपूजनाचा नारळ घेऊन निघाले, आम्ही मागे. रुपाली फाटकातच उभी होती.

"साहेब, आज इथे हळद आहे. जूनपर्यंतच्या सगळ्या तारखा गेल्यात."

नगराध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले. मी आता कडाडणार, असं त्यांना वाटलं असावं.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हणाले. "डिसेंबरमध्ये माझ्या लेकीची, अफ्रीनची शादी आहे, याच झाडाखाली. काय खोदायचं ते त्यानंतर खोदा."

नारळ हळदीच्या स्वयंपाकात गेला. आम्ही जेवूनच परतलो.