जीवनसत्त्वाच्या गोळ्या

"आमच्या घरात असलं काही नसतं, सांग तिला!" जयवंतीबाईंनी एचआयव्ही चाचणीच्या संमतीच्या ओळीवर पेनानं अशी काट मारली, की कागद फाटायचाच बाकी राहिला.

टेबलापलीकडे डॉक्टर हरिप्रिया बसल्या होत्या. त्यांना मराठी ओ की ठो कळत नव्हतं आणि जयवंतीबाईंना तमिळ. मधे दुभाषी म्हणून लेक, ऊर्मी. नवरा चेन्नईच्या कडेला, आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात, त्यामुळे तिची बारा वर्षं चेन्नईतच गेलेली. आईचं बोलणं तिनं चांगलं मऊ करून तमिळमध्ये सांगितलं. पण काट मारताना पाहायला भाषा कशाला लागते?

आत खाटेवर तिचा धाकटा भाऊ दर्शन पडला होता. चौतिसावं वर्ष, चेन्नईतच नुंगंबाक्कम भागातल्या बँकेत अधिकारी. आठवडाभर डोकं दुखत होतं. काल जेवताना उजव्या हातातला घास ताटात पडला, आज सकाळी फिट आली, आणि आता तो आईला शाळेतल्या बाई समजून हजेरी देत होता. स्कॅनमध्ये मेंदूत तीन गाठी दिसल्या होत्या.

"बहुधा ट्यूमर," डॉक्टर म्हणाल्या. "चार वाजता ॲम्ब्युलन्स येईल. मोठ्या हॉस्पिटलात कवटीला भोक पाडून तुकडा काढतील. जोखीम आहे, पण आणखी काही कळल्याशिवाय मला दुसरी वाट दिसत नाही."

आणखी काही! ते आणखी काही ऊर्मीला सहा वर्षांपासून ठाऊक होतं. दर्शननं एका दुपारी तिच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं आणि लगेच म्हणाला होता, "आईची शपथ घे. कुणालाही सांगायचं नाही. मी मेलो तरी नाही." तिनं घेतली. भाऊ रडत उभा असताना कुठली बहीण नाही म्हणेल?

आता म्हणे शपथ पाळा. शपथेत अडकलेली आई उजव्या हाताला बसलेली, आणि भाऊ आत मरायला टेकलेला. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. दर्शन उद्या शुद्धीवर आला तर आयुष्यात आपलं तोंड पाहणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पण शुद्धीवरच आला नाही तर?

"मॅडम," ती तमिळमध्ये म्हणाली, नजर टेबलावरच ठेवून, "त्या काट मारलेल्या ओळीत जे लिहिलंय, ते त्याला आहे. सहा वर्षं झाली."

हरिप्रिया ताडकन सरळ बसल्या. "आधी का नाही सांगितलंत? मग हा कदाचित ट्यूमर नाहीच. टोक्सोप्लाझ्मा असू शकतो. मांसातून, मांजरीच्या विष्ठेतून अंगात शिरणारा जंतू. कितीतरी लोकांच्या अंगात तो मुकाट पडून असतो. प्रतिकारशक्ती ढासळली की उठतो, मेंदूत अशाच गाठी करतो. त्यावर गोळ्या आहेत." त्यांनी स्कॅन पुन्हा पुढे ओढला. "पण एचआयव्हीचं रोजचं औषध नीट चालू असेल, तर हे सहसा होत नाही. मग मला ट्यूमरचाच विचार करावा लागेल. तो औषध घेत होता का?"

ऊर्मीला कुठलं माहीत! ती आवडीला, तो इथे. त्याच्या घरात चार महिन्यांपासून राहत होती ती आई.

"काय म्हणतेय गं ती? एवढी का दचकली?" जयवंतीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"आई, दर्शन रोज जेवणानंतर एक गोळी घ्यायचा का?"

"गोळी? छे! मी आले त्याच दिवशी कपाट आवरताना डबी सापडली. कागद खरवडून काढलेला. विचारलं तर म्हणाला, जीवनसत्त्वाच्या आहेत. म्हटलं, माझ्या हातचं चारीठाव खायला असताना असली रसायनं कशाला? टाक त्या कचऱ्यात." त्यांच्या आवाजात अजूनही मोठा अभिमान होता. "गुणाचं पोर माझं. माझ्यासमोर टाकल्या. पुन्हा घरात आणल्या नाहीत."

ऊर्मीला ओरडावंसं वाटलं. आईवर, भावावर आणि खरं तर स्वतःवर. ती आधी डॉक्टरांकडे वळली. "चार महिने नाही घेतल्या."

हरिप्रियांनी लगेच फोन उचलला आणि ॲम्ब्युलन्स थांबवायला सांगितली.

"ऊर्मी, मला सांग. कसल्या गोळ्या होत्या त्या?"

"एचआयव्हीच्या, आई."

जयवंतीबाईंनी मनगट सोडलं. पदर सावरला, पर्स मांडीवर घेतली, पुन्हा खाली ठेवली. "मी टाकायला लावल्या?" त्यांनी विचारलं. मग त्यांनी तो फॉर्म ओढून घेतला, काट मारलेल्या ओळीशेजारी सही केली आणि दाराबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

चाचणी झाली, गोळ्या सुरू झाल्या. "दहा दिवस पाहू," हरिप्रिया म्हणाल्या. "गाठी आकसल्या तर डोकं उघडायला नको. नाही आकसल्या, तर आपण दहा दिवस वाया घालवले." ते दहा दिवस कसे गेले, ते त्या दोघींनाच ठाऊक. चौथ्या दिवशी आणखी एक फिट आली, तेव्हा ऊर्मीनं स्वतःला नाही नाही त्या शिव्या दिल्या. सातव्या दिवशी उजव्या हाताची बोटं हलली. दहाव्या दिवशीच्या स्कॅनमध्ये तिन्ही गाठी निम्म्यावर आल्या होत्या.

त्या दुपारी दर्शननं नीट डोळे उघडून बहिणीकडे पाहिलं. खाटेला लावलेल्या तक्त्यावर एचआयव्ही लिहिलेलं वाचलं, पायाशी बसलेली आई पाहिली.

"तू सांगितलंस," तो म्हणाला.

"हो, सांगितलं. मोडली शपथ. बोलू नकोस माझ्याशी हवं तर."

त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. जयवंतीबाई उठून त्या बाजूला गेल्या. "त्या दिवशी डबी माझ्या हातात होती. तेव्हाच का नाही बोललास रे मला?"

"तू निघून गेली असतीस."

जयवंतीबाई नाही म्हणायला गेल्या आणि अडखळल्या. दहा दिवस त्यांनी स्वतःला हेच विचारलं होतं.

"गेले असते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी गेलेच असते बहुतेक." त्यांची नजर हटली नाही. "आज नाही जात."

दर्शन रडायला लागला. ऊर्मीनं पेल्यात पाणी ओतलं आणि दुपारची गोळी आईच्या हातात दिली.