आडव्या बसलेल्या व्हील कॅप

व्हील कॅप मी स्वतः बसवल्या होत्या, त्यामुळे शिव्या द्यायच्या तर मलाच द्यायला हव्या होत्या. त्या दुपारी मी टायरला दिल्या, रस्त्याला दिल्या आणि कॅप विकणाऱ्या दुकानदाराच्या सात पिढ्यांना दिल्या.

झालं होतं असं. नव्या कॅप आणल्या तेव्हा प्रत्येकीवरचं चिन्ह सरळ उभं दिसेल अशा बेताने मी त्या लावल्या. कॅपला एक खाच असते, ती व्हॉल्व्हवर आली तरच हवा भरता येते. तिकडे मी पाहिलंच नाही. वर कोणी चोरू नये म्हणून त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी चाकाला आवळून टाकल्या. मग ऐटीत गाडी फाटकापर्यंत नेली, तर चारही चिन्हं चार दिशांना तोंड करून बसली. चाक फिरतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायको आठवडाभर हसत होती.

त्या सकाळी इस्पितळातून फोन आला. "डोळा मिळालाय. दोनच्या आत पेशंटला आणा, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला द्यावा लागेल."

पेशंट म्हणजे माझी थोरली बहीण. सहा वर्षांपूर्वी संसर्गाने ताईची दोन्ही बुबुळं पांढरी पडली आणि दिसायचं बंद झालं. तेव्हापासून ती आमच्याकडेच. त्या यादीत तिचं नाव चार वर्षं होतं.

पाऊण वाजता गाडी डावीकडे ओढायला लागली. चाळीस किलोमीटर बाकी होते. उतरून बघतो तर पुढचं डावं चाक जवळजवळ बसलेलं. गाडीत हवा भरायचा छोटा पंप होता, पण व्हॉल्व्ह कॅपच्या जाड पात्यामागे दडलेला. स्टेपनी लावायची तरी आधी कॅप काढायला हवी, आणि पट्ट्या कापायला माझ्याजवळ साधा चाकूही नव्हता. दातांनी ओढून पाहिलं, किल्लीने घासून पाहिलं. टॅक्सीवाल्याला फोन केला, तो म्हणाला, यायला दीड तास लागेल. येणाऱ्या गाड्यांना हात केले, एकही थांबली नाही.

कॅपच्या दोन पात्यांमधल्या फटीतून बोटं घातली की हातानेच फट झाकली जायची आणि आतलं काही दिसायचं नाही. दिसावं म्हणून हात काढला की हाताशी काही लागायचं नाही. घड्याळात एक वाजला. चार वर्षं वाट पाहून मिळालेला डोळा माझ्या हौसेपायी दुसऱ्याला जाणार, या विचाराने मला रडूच फुटलं.

"काय झालं ते नीट सांग," ताई खिडकीतून म्हणाली.

"तू बस गं आत. ऊन आहे."

तिने दार उघडलं. गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत पुढे आली आणि चाकापाशी मांडी घालून बसली. मी तिला उठवायला वाकलो.

"हात नको लावू. नळी दे."

तिची बारीक बोटं फटीतून आत गेली, मग मनगट गेलं. मान तिने दुसरीकडेच वळवली होती, रस्त्यापलीकडे. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग दुसऱ्या फटीतून तिने व्हॉल्व्हची इवलीशी टोपी बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. नळीचं पितळी तोंड आत सरकवलं.

"आधी उलटं फिरवायचं," ती स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली. "आटे खाली बसले की टक् करतात. मग सुलटं."

मला टक् ऐकू आलं नाही. फुस्स झालं आणि लगेच थांबलं. "लाव पंप," ती म्हणाली.

पंप घरघरू लागला. काटा दहावर, पंधरावर, वीसवर गेला, आणि बसलेली गाडी माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू वर उठली. मी आयुष्यात पुष्कळ हुशार माणसं पाहिली आहेत. पण असं तोंडात बोट घालून मी कधीच कुणाकडे पाहत राहिलो नव्हतो.

"हे तुला कसं जमलं?"

"रोज बरण्यांची झाकणं लावते ना."

"कुठल्या बरण्या? स्वयंपाकघरात तर तुला आम्ही..."

"तुम्ही दोघं कामावर गेलात की मीच असते तिथे. भाजी करते, चहा करते. तुम्ही थर्मासमध्ये ठेवता तो बेसिनमध्ये ओतते. गार असतो रे."

"सहा वर्षं? आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही एवढ्या मायेने ठेवता," ती म्हणाली. "उगाच वाईट वाटलं असतं."

काटा बत्तीसवर आला. तिने नळी काढली, टोपी मागून घेतली आणि जागच्या जागी बसवली. मग मी जी गाडी हाणली, तशी पुन्हा कधी हाणली नाही.

दोनला सात मिनिटं असताना आम्ही इस्पितळात पोहोचलो. नर्स फॉर्म घेऊन तयारच होती. ताईचा उजवा हात चाकाच्या धुळीने कोपरापर्यंत काळा झाला होता. नर्सने तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"घरी यांचं सगळं कोण करतं?"

या प्रश्नाला सहा वर्षं मी थोड्या अभिमानानेच एक उत्तर देत आलो होतो. ते ओठांवर आलंही.

"ती स्वतः करते," मी म्हणालो. "आणि आमचंही."

नर्सने ते लिहून घेतलं आणि ताईला हात धुवायला नेलं.