दोन मिलिमीटरचा पाला

मायक्रॉनरावांनी चिरलेल्या पार्स्लीचा एक तुकडा व्हर्नियर कॅलिपरच्या जबड्यांत हलकेच धरला, चष्मा कपाळावर चढवला आणि आकडा वाचला. दोन मिलिमीटर. मग फळीच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा उचलला. तोही दोन.

"अहो, पाला आहे तो," ओट्याशी उभी असलेली बायको म्हणाली. "बेअरिंग नव्हे."

"माप ते माप," ते म्हणाले.

कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर उभं राहून त्यांनी हे नाव कमावलं होतं. खरं नाव आता फक्त पेन्शनच्या कागदांवर उरलं होतं. केसाच्या जाडीइतकी चूक झाली तरी तो नग ते बाजूला टाकत आणि आठवडाभर स्वतःलाच बोल लावत. घरात मात्र त्यांनी कधी कपभर चहासुद्धा केला नव्हता. असा हा गृहस्थ रविवारी सकाळी सुरीला धार लावून पाला चिरत बसला होता तो सुनेपायी.

सून आठ महिन्यांपूर्वी आईच्या मृत्यूनंतरचं सगळं उरकून माहेराहून परतली, ती गप्प होऊनच. कामाला कमी नाही, चष्म्याच्या दुकानातली नोकरी चालू, कुणाला उलट उत्तर नाही. पण जेवायला बसली की चिमणीसारखं टिपायची आणि उरलेलं नवऱ्याच्या ताटात सरकवायची. काही विचारलं की "छान आहे" हे ठरलेलं उत्तर. भाजी करपली तरी छान. दूध नासलं असतं तरी छानच म्हणाली असती. दोन वर्षांत घरची झालेली पोर पुन्हा पाहुणी होऊन बसली होती, आणि हे मायक्रॉनरावांच्या जिवाला लागलं होतं. तिनं पूर्वीसारखं पोटभर जेवावं, एवढंच त्यांना हवं होतं.

मुलगा बस चालवायचा आणि सुट्टीच्या रविवारी मागच्या अंगणात निखाऱ्यांवर मटण भाजायचा. एकदा निखारे फुंकता फुंकता तोच म्हणाला, "तिच्या आईकडे यावर हिरवा सॉस असायचा, बाबा. चमच्यानं ओतायचे. आता त्याच्याशिवाय हे तिच्या घशाखाली उतरत नाही."

एवढं पुरे होतं. मायक्रॉनरावांनी सुनेला जिन्नस विचारले. पार्स्ली, म्हणजे कोथिंबिरीची राठ थोरली बहीण. मग लसूण, वाळलेला ओरेगॅनो, सुक्या मिरचीचे तुकडे, व्हिनेगर, तेल, मीठ.

"आणि प्रमाण?"

"प्रमाण नव्हतं, बाबा. अंदाजानं टाकायची आई."

अंदाज हा शब्द त्यांच्या लेखी शिवीच होता. पण त्यांनी तो गिळला आणि कामाला लागले.

पहिल्या रविवारी त्यांनी सगळं मिक्सरमध्ये घातलं आणि हिरवा चिखल केला. "चटणी वाटतात, सॉस चिरतात," बायको म्हणाली. "एवढं तर मलाही कळतं." दुसऱ्या रविवारी बोथट सुरीखाली पाला चेचला आणि काळा पडला. तिसऱ्या रविवारी व्हिनेगर असं पडलं की सगळ्यांचे दात आंबले. मग धार सुधारली, तेल बदललं, भिजत ठेवायची वेळ वाढवली. सून दर वेळी "छान आहे" म्हणाली आणि दर वेळी तिचं मटण नवऱ्याच्या ताटात गेलं. तपासनीस नग न बघताच शिक्का मारतो, तसं ते 'छान' मायक्रॉनरावांना टोचत राहिलं.

आज सहावा रविवार होता. वाडग्यात पाल्याचा प्रत्येक कण दुसऱ्याचा जुळा भाऊ वाटत होता. सुनेनं एक घास खाल्ला.

"छान आहे, बाबा."

"छान नको. खरं सांग."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे. "चव जवळपास आलीय. पण प्रत्येक घास सारखाच लागतो."

मायक्रॉनरावांची छाती फुगली. पहिला नग आणि हजारावा नग सारखा, यासाठीच तर त्यांनी जन्मभर रक्त आटवलं होतं. त्यांनी मोठ्या तोऱ्यात बायकोकडे पाहिलं. बायकोनं डोळे वटारले. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला, की पोरीनं दोष सांगितला होता.

"म्हणजे, सारखा नको?"

"आईच्या सॉसमध्ये एका घासाला लसूण कचकन यायचा, दुसऱ्याला नुसता पाला, मधेच मिरची. पुढचा घास कसा लागेल याचा नेम नसायचा. म्हणून तर खातच राहायचो आम्ही." एवढं बोलून, जास्त बोललं गेलं असं वाटून, ती पाणी आणायला उठली.

आता आली पंचाईत. आठवडाभर मायक्रॉनराव वाकडंतिकडं चिरायचा सराव करत होते. पहिले चार काप वाकडे पडत, पाचव्यापासून हात आपोआप रांगेत येई. डोळे मिटून पाहिलं तर बोट कापलं, आणि बाकीचा पाला दोन मिलिमीटरच निघाला. मग त्यांनी बारीक, मध्यम आणि जाड अशी तीन मापं ठरवून पाहिली. फळीवर तीन पलटणी उभ्या राहिल्या.

"जित्याची खोड," बायको बोटाला पट्टी बांधत म्हणाली. "तुम्हाला चुकायलासुद्धा फूटपट्टी लागते."

सातव्या रविवारी सकाळी त्यांनी सुनेला गाठलं. "तुझी आई चिरायला बसायची कशी?"

"मागच्या पायरीवर. पण बसण्यात काही नव्हतं, बाबा. हात चालला की तिचं तोंड चालायचं. कुणाची तरी खरडपट्टी काढतच चिरायची. बहुतेक माझ्या आत्याची."

मायक्रॉनराव फळी घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसले. सून लसूण सोलायला शेजारी बसली. अंगणात मुलगा कोळसे रचत होता. पहिले काप पुन्हा रांगेतच पडले. खरडपट्टी काढायची म्हणजे आधी कुणाचा तरी राग यायला हवा, आणि राग बाहेर काढायची या माणसाला सवयच नव्हती. शेवटी ते घसा खाकरून म्हणाले,

"आमच्याकडे एक साहेब होता."

"हं."

"त्यानं माझे चारशे नग एका दिवसात बाद केले. सगळ्यांसमोर. म्हणाला, हात थरथरायला लागला तुमचा, आता घरी बसा. आणि दोन दिवसांनी निघालं काय, तर त्याचाच गेज झिजलेला. ज्यानं माप घ्यायचं तेच खोटं."

"मग माफी मागितली त्यानं?"

"माफी कसली. गेज गुपचूप बदलला. माझे नग भंगारात गेले ते गेलेच."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? साहेब तो."

सुनेनं हातातला लसूण खाली ठेवला. "एक अक्षरही नाही? खोटेपणा समोर दिसत असताना?"

गोष्ट सव्वीस वर्षांपूर्वीची होती. चहाचं गाळणं हातात घेऊन बायको दाराशी येऊन उभी राहिली. ती हे आज पहिल्यांदा ऐकत होती. मायक्रॉनरावांच्या मानेवरची शीर फुगली.

"अक्षर कशाला, त्याला धरून बदडायला हवा होता," ते म्हणाले, आणि सुरी फळीवर थडाथड पडायला लागली. "हात थरथरतो म्हणे. माझा हात! स्वतःला स्क्रू आणि खिळा यातला फरक कळत नव्हता. सासऱ्याच्या वशिल्यानं खुर्चीवर बसलेला. गाढव होता तो, शुद्ध गाढव. चारशे नग. एकेक नग मी पोटच्या पोरासारखा घडवला होता."

"आणि पुढं त्याला बढती मिळाली असेल," सून म्हणाली.

"मिळाली की! निरोपाच्या समारंभात मलाच हार घालायला लावला त्याला." सुरीनं एक देठ अख्खाच उडवला. "घातला मी. मान मोडेल असा आवळून घालायला हवा होता."

सून फस्सकन हसली. बायकोही हसली. मायक्रॉनराव दम खायला थांबले आणि त्यांची नजर खाली गेली. फळीवर अनर्थ झाला होता. कुठे पानंच्या पानं, कुठे नुसता भुगा, मधेमधे देठ, लसणाच्या काही पाकळ्या अर्ध्याच कापलेल्या. त्यांचा चेहरा पडला.

"हा लॉट बाद," म्हणत त्यांनी फळी कचऱ्याच्या डब्याकडे वळवली.

सुनेनं ती दोन्ही हातांनी धरली. "राहू द्या, बाबा."

दोन तास तो पाला तेल-व्हिनेगरात मुरला. मायक्रॉनराव त्याकडे फिरकले नाहीत. जेवायला बसल्यावर त्यांनी वाडग्याकडे बघायचंसुद्धा टाळलं.

सुनेनं मटणाच्या गरम तुकड्यावर चमचाभर सॉस ओतला आणि घास घेतला. लसूण कचकन वाजला, तो पलीकडे बसलेल्या बायकोलाही ऐकू आला. सून चावता चावता थांबली. 'छान आहे' आलं नाही. तिनं दुसरा घास घेतला, मग तिसरा. मायक्रॉनरावांचा घास हातातच राहिला होता. तिनं नवऱ्याच्या ताटात काही सरकवलं नाही. उलट मधल्या थाळीतले आणखी दोन तुकडे स्वतःकडे ओढले. नवऱ्यानं सॉस घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तिनं वाडगा उचलून आपल्या ताटाआड ठेवला.

"अगं, मला?"

"तुला नुसत्या मिठाचं चालतं की. इतके दिवस माझ्या वाटचंही खात होतास."

पावाच्या तुकड्यानं तिनं ताट लख्ख पुसलं आणि तोंड भरलेलं असतानाच सासऱ्यांकडे वळली.

"बाबा, मीठ कमी पडलंय. आईचा याहून आंबट असायचा. आणि देठ किती घातलेत? चारा आहे का हा?"

बायको सोडली तर मायक्रॉनरावांच्या कामाला या घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. मुलानं घाबरून बापाकडे पाहिलं. पण बापाचा चेहरा असा उजळला होता, जसा तो मुलाच्या लग्नातही उजळला नव्हता. पोर घरी आली होती. तिनं ताटातलं सगळं संपवलं होतं आणि वर तीन दोष काढले होते. जन्मभराच्या शाबासक्या एका बाजूला आणि हे तीन दोष एका बाजूला, असं त्यांना वाटलं.

"चुकलं," ते आनंदानं म्हणाले. "पुढच्या रविवारी सुधारतो."

"सुधारा. पण शिव्या घालायला आता दुसरा माणूस शोधावा लागेल. तुमचा साहेब आजच संपला."

मायक्रॉनरावांनी थाळीतला सगळ्यात मोठा तुकडा उचलून तिच्या ताटात वाढला.

"माणसांची काळजी नको," ते म्हणाले. "चाळीस वर्षं नोकरी केलीय मी."