चार दशांश

“काय रे, किती आलं आज?” फोनवर बांबूचा आवाज ऐकताच पारेकाकांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“चव्वेचाळीस सात.”

“अरेरे! पुन्हा थोडक्यात हुकलं की तुझं. आमच्याकडे पंचेचाळीस सहा. पेपरवाले येऊन बसलेत, फोटो काढायचाय म्हणतात. इस्त्रीचा शर्ट घालू का रे?”

“घाल. आणि वाचताना जरा वाकत जा,” म्हणत पारेकाकांनी फोन ठेवला.

बांबू म्हणजे नदीपलीकडच्या हवामान केंद्रावरचा निरीक्षक. दोघे एकाच वर्गात शिकले, एकाच महिन्यात नोकरीला लागले. मास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की डोळा पाऱ्याच्या टोकाच्या बरोबर समोर हवा. वरून पाहिलं तर आकडा जास्त दिसतो, खालून पाहिलं तर कमी. बांबू सहा फुटांचा. तेव्हा पारेकाकांनी एकतीस वर्षं मनाशी धरून ठेवलं होतं, की हा लेकाचा वरूनच बघतो. त्याचे उच्चांक म्हणजे त्याच्या उंचीची करामत. त्यांनी वरिष्ठांना एकदा तसं पत्रसुद्धा लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. त्याऐवजी बांबूला चोख कामाबद्दल प्रशस्तिपत्र आलं. त्या रात्री पारेकाका जेवले नव्हते.

उन्हाळा वर्षागणिक चढत होता, हे त्यांनाही दिसत होतं. नोकरीच्या सुरुवातीला चव्वेचाळीसचा दिवस वर्षातून एखादा यायचा. आता आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकून बसायचा. बायको रोपवाटिकेत कामाला होती, तिला तापमापक लागतच नसे. “चाळिसाला रोपं माना टाकतात,” ती म्हणायची, “बेचाळिसाला दोनदा पाणी घालूनही उपयोग नाही. चव्वेचाळिसाला फुलात बी धरत नाही. त्यापुढे माणसांची पाळी.” पंचेचाळीसची नोंद झाली की उघड्यावरची सगळी कामं थांबवायची आणि इस्पितळात थंड वॉर्ड उघडायचा, असा नियम होता. पलीकडच्या काठावर तो दरवर्षी लागू व्हायचा. अलीकडच्या काठावर कधीच नाही. आपलं गाव त्या बढाईखोर गावापेक्षा थंड, असं पारेकाका चारचौघांत सांगायचे, आणि घरी येऊन पंचेचाळीसची वाट बघायचे. एकदा, फक्त एकदा, आपल्याही दारात पेपरवाले यावेत.

फोन ठेवून पाच मिनिटंही झाली नसतील, तोच लेक अंगणात आली. ती इस्पितळात परिचारिका होती. अंगावर अजून कामाचेच कपडे होते.

“बाबा, आजचा आकडा?”

“चव्वेचाळीस सात. का गं? बस, पाणी घे आधी.”

“सकाळपासून उन्हाने पडलेली सहावी बाई आणलीय आत्ता. डॉक्टर म्हणतात, नोंद नाही तर वॉर्ड उघडता येत नाही. व्हरांड्यात झोपवलंय त्यांना. मला तापमापकाची पेटी बघू द्या.”

“तुला काय कळतं त्यातलं?”

“ताप बघायला कळतो तेवढं कळतं. चला.”

मागच्या मोकळ्या जागेत, चार पायांवर ती पांढरी जाळीदार पेटी उभी होती. पारेकाकांनी दार उघडलं, श्वास रोखला आणि पाहिलं. “हे बघ. चव्वेचाळीस सातच. अजून तेवढंच.”

लेक त्यांच्या जागी उभी राहिली. “पंचेचाळीस एक.”

“छे! वरून बघत असशील, त्या बांबूसारखी.”

“मी अगदी समोर आहे, बाबा.” ती क्षणभर थांबली. “तुम्ही खाली आहात.”

पारेकाका हसणार होते. मग त्यांचं लक्ष लेकीच्या खांद्याकडे गेलं. ती त्यांच्याच उंचीची, म्हणजे त्यांच्या जुन्या उंचीची. आता मात्र तिचा खांदा त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत होता. पाठ कधीपासून वाकत गेली होती? त्यांनी ताठ व्हायचा प्रयत्न केला. कण्यात कळ आली आणि मान तेवढी वर झाली. पारा चढत गेला होता आणि ते वाकत गेले होते. त्यामुळे वर्षानुवर्षं वहीत सगळं जागच्या जागी दिसत होतं.

आणि त्या क्षणीही त्यांच्या मनात पहिल्यांदा काय यावं? बांबूची पाठ अजून ताठ आहे!

लेकीने अंगणातलं बाकडं ओढून आणलं. तिचा हात न धरताच ते वर चढले. पाऱ्याचं टोक डोळ्यांसमोर आलं. पंचेचाळीस पूर्णांक एक.

“जा तू,” ते म्हणाले. “वॉर्ड उघडायला सांग. आकडा मी कळवतो.”

“कळवा आधी. मग जाते.”

त्यांनी बाकड्यावरूनच फोन लावला, आकडा सांगितला. कचेरीतला कारकून चकित झाला. “आँ! पारेकाका, तुमच्याकडचा हा पहिलाच की! अभिनंदन! पेपरवाल्यांना कळवू?”

“नको. रोपवाटिकेत कळव. काम थांबवायला सांग.”

लेकीने वही आणून दिली. त्यांनी दुपारच्या आकड्यावर एक रेघ मारली, शेजारी नवा आकडा लिहिला, सही केली. एवढ्यावर थांबता आलं असतं. पण ते मागची पानं उलटू लागले. कुठपासून? गेलं वर्ष, त्याच्या आधीचं. नऊ वर्षांपूर्वीच्या एका पानावर हात थांबला. चव्वेचाळीस पूर्णांक आठ. त्या दिवशी रोपवाटिकेतलं काम थांबलं नव्हतं. संध्याकाळी बायकोला झाऱ्याशेजारून उचलून आणलं होतं, आणि पहाटे ती गेली होती.

“बाबा, त्या पानावर नका थांबू.”

“तुला ठाऊक होतं?”

“आत्ता कळलं. तुमच्याबरोबरच.”

मग ती म्हणाली, “माझी वाट बघताहेत तिथे,” आणि त्यांच्या पाठीला हात लावून निघाली. फाटक लागल्याचा आवाज आला.

पारेकाकांनी आजचं पान पुन्हा काढलं. शेऱ्याचा रकाना एकतीस वर्षं बहुतेक कोराच होता. त्यांनी नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘निरीक्षकाची नजर पाऱ्याच्या पातळीखाली राहिल्यामुळे गेल्या किमान नऊ वर्षांच्या या केंद्रावरील नोंदी कमी आहेत. त्या ग्राह्य धरू नयेत. नदीपलीकडच्या केंद्राच्या नोंदी बरोबर आहेत.’

शेवटचं वाक्य लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला. सही करून त्यांनी सवयीने ओल्या शाईवर फुंकर घालायला तोंड पुढे केलं. पण शाई लिहितालिहिताच वाळली होती.